आधी फडके, मग लेप

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी १६ चौरस मीटरच्या १० शेफलर डिश (ऊन एका जागी एकवटून वाफ करणाऱ्या आरशांच्या तबकड्या), सगळ्या उभ्या, आठ वर्षे जुन्या. हेडर (सगळ्या डिशना जोडणारा मोठा पाइप) आणि वाफेचा ड्रम मिळून ५०० लिटर पाणी, दाब ७ बार. सुरुवातीला साडेदहाच्या सुमारास वाफ मिळायची, आता बारा वाजतात. मार्चच्या मध्यात भर दुपारी मोजली तेव्हा तासाला २८ किलो वाफ भरली. १६० चौरस मीटर आरसा आणि चौरस मीटरला ९०० वॉट ऊन धरून हिशेब केला तर कार्यक्षमता जेमतेम १४ टक्के. आता रिसिव्हरवर, म्हणजे फोकसपाशी पाणी तापवणाऱ्या भांड्यावर, निवडक लेप (ऊन शोषणारा पण उष्णता कमी बाहेर टाकणारा) द्यावा, पुढे काच बसवावी, की पाण्यात नॅनोकण मिसळावेत?

तिन्ही नको. निदान यंदा तरी नको. का, ते आकड्यांतच पाहू. पण त्याआधी तुमचा १४ टक्क्यांचा आकडा दुरुस्त करायला हवा, कारण तो यंत्रावर अन्याय करणारा आहे.

१६ चौरस मीटर हे आरशाचे क्षेत्रफळ झाले. शेफलर डिश सूर्याकडे सरळ तोंड करून कधीच बसत नाही. ती तिरकी असते, म्हणून तर तिचा फोकस एका जागी स्थिर राहतो आणि भांडे किंवा रिसिव्हर हलवावा लागत नाही. या सोयीची किंमत तिरकेपणात मोजावी लागते. विषुवदिनाच्या आसपास १६ मीटरची डिश प्रत्यक्षात सुमारे ११.७ चौरस मीटर ऊन पकडते. उभी डिश डिसेंबरात १३.६ पर्यंत जाते आणि जूनमध्ये ९.२ वर येते. झोपलेल्या डिशचे गणित बरोबर उलटे. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी उभ्या आणि झोपलेल्या डिशच्या जोड्या समोरासमोर लावतात, म्हणजे वर्षभराचा तोल साधतो. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत बसवलेली ‘अरुण’ डिश दोन्ही अक्षांवर फिरून सूर्याच्या थेट समोर राहते, तिला हा तिरकेपणाचा दंड नाही. पण तिथे रिसिव्हरही डिशबरोबर फिरतो आणि लवचीक जोड सांभाळावे लागतात. फुकट काहीच मिळत नाही.

दुसरी चूक ९०० वॉटची. तो एकूण उन्हाचा आकडा आहे, आकाशातून विखरून येणारा उजेड धरून. आरसा फक्त थेट किरणांचा फोकस करतो, विखुरलेला उजेड त्याच्या कामाचा नाही. मार्चच्या धूसर हवेत थेट ऊन ७०० वॉट धरणे रास्त. मग प्रत्येक डिशवर साधारण ८,२०० वॉट, दहांवर मिळून ८२ किलोवॉट. तुमची २८ किलो वाफ म्हणजे सुमारे २०.६ किलोवॉट. कार्यक्षमता २५ टक्के निघाली. चांगल्या स्थितीतल्या अशा संचाकडून मी ५५ ते ५७ टक्क्यांची अपेक्षा ठेवतो. म्हणजे निम्म्याहून जास्त उष्णता वाटेत सांडते आहे, हे खरेच. कुठे सांडते, एवढेच शोधायचे.

एका डिशचा हिशेब मांडतो. ८,२०० वॉट आरशावर पडले. आरसा स्वच्छ आणि चांगला असेल तर ९० टक्के परत फेकतो. त्यातले ८५ टक्के रिसिव्हरच्या चकतीवर पडतात, बाकीचे कडेने निसटतात. चकतीचा काळा रंग त्यातले ९० टक्के शोषतो. हातात आले सुमारे ५,६०० वॉट. आता चकती ४५ सेंटिमीटर व्यासाची आणि १७० अंशांवर असेल, तर ती हवेला आणि आकाशाला मिळून ५८० वॉटच्या आसपास परत देते. उरले ५,००० च्या वर.

आता हीच डिश आठ वर्षांनी. आरशावर धूळ आणि क्षारांचा थर, परावर्तन ७२ टक्के. जुळणी हललेली, चकतीवर ६५ टक्केच पडते. ५,६०० चे झाले ३,४५०. रिसिव्हरचा तोटा तेवढाच, ५८०, कारण चकती तितकीच तापलेली आहे. उरले २,९०० हूनही थोडे कमीच. आता निवडक लेपाकडे पाहा. उत्तम लेपाने चकतीचे प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपात बाहेर जाणारी उष्णता, समजा पाऊण भाग घटले, तर वाचतात सुमारे १९० वॉट. दुसरीकडे आरसा आणि जुळणी मिळून २,२०० वॉट खातात. मी ७२ आणि ६५ हे आकडे अंदाजाने धरले आहेत. तुमच्याकडे ते थोडे वेगळे निघतील, पण १९० आणि २,२०० यांची जागा बदलणार नाही.

यात माझाही एक जुना पराक्रम आहे. एका दुग्धप्रकल्पाला मी हट्टाने लेप दिलेले रिसिव्हर बसवायला लावले होते. बसवल्यावर आठवड्यात वाफ एकदम वाढली आणि मी खूश झालो. तीन आठवड्यांत ती होती तिथे परत आली. चौकशी केली तेव्हा ऑपरेटर काका म्हणाले, “साहेब, पाहुणे येणार होते ना, म्हणून आरसे धुतले होते.” लेपाचे श्रेय मी फडक्याच्या खात्यातून काढून घेतले होते. तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आधी-नंतर दोन्ही वेळा मोजायचे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

तर पहिले काम आरसे. धुवायची वेळ पहाटेची. तेव्हा काच गार असते, दवाने धूळ मऊ झालेली असते आणि पाणी लगेच वाळत नाही. आधी नुसते पाणी सोडा, मग मऊ फडके किंवा रबरी वायपर. कोरड्या फडक्याने धूळ घासू नका. अॅल्युमिनियमच्या परावर्तक पत्र्यावर तर हा गुन्हाच आहे, एकदा ओरखडे पडले की ती चमक परत येत नाही. बोअरचे जड पाणी वापरत असाल तर ते थांबवा. ते वाळले की प्रत्येक थेंबाचे पांढरे वर्तुळ मागे राहते आणि काही महिन्यांत आरसा दुधी होतो. आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी शेवटच्या फेरीला पुरते. आधीचे पांढरे डाग सौम्य व्हिनेगरने निघतात, पण कडेला लावू नका, मागची चांदी कडेपासूनच काळी पडत आत सरकते. जिथे काळे पडले आहे ते तुकडे बदला आणि बदलताना घरगुती ड्रेसिंग टेबलाचा आरसा लावू नका. त्या काचेतले लोह किरण गिळते. सौर कामाचा कमी लोहाचा आरसा ९३-९४ टक्के परत देतो, साधा आरसा ८० ते ८५. किती दिवसांनी धुवायचे याचे एकच उत्तर नाही. शेजारी वीटभट्टी, कारखान्याची चिमणी किंवा कच्चा रस्ता असेल तर आठवडाही जास्त. त्यासाठी सोपी चाचणी आहे: बाजारात मिळणारा छोटा सोलर सेल आणि मल्टीमीटर घ्या. एक आरसा स्वच्छ धुवा, शेजारचा तसाच ठेवा. दोघांचा कवडसा सारख्या अंतरावर आळीपाळीने सेलवर घ्या आणि शॉर्ट सर्किटचा करंट वाचा. मळक्याच्या आकड्याला स्वच्छच्या आकड्याने भागा आणि ते गुणोत्तर एकातून वजा करा, उरतो तो धुळीने खाल्लेला हिस्सा. तो १० टक्क्यांच्या वर गेला की धुवायची वेळ झाली.

दुसरे काम जुळणी, आणि तुमच्या बाबतीत माझा सगळ्यात जास्त संशय इथेच आहे. तुम्ही मार्चच्या मध्यात मोजले. शेफलर डिश रोजच्या फेरीसाठी घड्याळासारखी फिरते, पण सूर्य उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकतो त्यासाठी तिची चौकट हाताने थोडी वाकवून, तिरपी करून घ्यावी लागते. डिसेंबर आणि जूनमध्ये सूर्य जवळजवळ जागचा हलत नाही, तेव्हा आठवडा दुर्लक्ष झाले तरी चालते. मार्च आणि सप्टेंबरात मात्र तो रोज ०.४ अंश सरकतो. आठवड्यात झाले २.८ अंश. फोकस आरशापासून चार मीटरवर धरला तर कवडसा जवळपास २० सेंटिमीटर बाजूला. तुमची चकतीच ४५ सेंटिमीटरची, म्हणजे निम्मा कवडसा शेजारच्या हवेला तापवतो. तुमच्या ऑपरेटरला विचारा, शेवटचा ऋतुमानाचा स्क्रू कधी फिरवला? उत्तर ‘दिवाळीत’ असे आले तर पहिली शिफारस तीच: मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दर दोन दिवसांनी, बाकी वर्षात आठवड्याला.

रोजच्या फेरीचेही पाहा. सूर्य तासाला १५ अंश जातो, म्हणजे टायमर किंवा साखळी चार मिनिटांनी मागे पडली की एक अंश, चकतीवर ७ सेंटिमीटर. साखळीला झोल आला, बेअरिंग कोरडे पडले, मोटर ढकलते पण डिश अडखळत येते, हे सगळे कवडशावर दिसते. दहा डिश एकाच शाफ्टने फिरत असतील तर शेवटच्या डिशकडे जास्त बारकाईने पाहा, पिळाचा सगळा हिशेब तिथे साठतो.

आणि सुटे आरसे. एखादा तुकडा त्याच्या बैठकीवर एका अंशाने कलला तर परतणारा किरण दोन अंशांनी कलतो. परावर्तनाचा हा दुप्पट नियम लोक विसरतात. चार मीटरवर ते १४ सेंटिमीटर झाले. तपासायची पद्धत: सगळ्या डिशवर गोणपाट किंवा ताडपत्री टाका, एकेक पट्टा उघडा आणि त्याचा कवडसा चकतीवर कुठे पडतो ते खडूने खुणवा. वेल्डिंगचा चष्मा घालूनच, आणि फोकसच्या रेषेत कोणीही उभे राहणार नाही याची खात्री करून. ढोबळ पाहणीसाठी मी आणखी एक उद्योग करतो. पौर्णिमेचा चंद्र आकाराने सूर्याएवढाच दिसतो, अर्ध्या अंशाचा, त्यामुळे त्याचा कवडसा सूर्याच्या कवडशासारखाच पडतो आणि डोळे भाजत नाहीत. पावसाळा संपून डिश उघडायची वेळ आणि कोजागिरी नेमकी जवळ येतात. दुधाचे आमंत्रण मिळते हा वरचा फायदा. फक्त चंद्राची उंची त्या दिवशीच्या सूर्याएवढी नसते, म्हणून त्या रात्रीपुरता ऋतुमानाचा स्क्रू चंद्राप्रमाणे लावावा लागतो आणि डिश मधूनमधून हाताने सरकवावी लागते. बारीक जुळवणी मात्र दिवसाच करायची.

आता रिसिव्हर. इथे लेपापेक्षा स्वस्त तीन कामे आहेत. चकतीचा काळा रंग आठ वर्षांत करडा झाला असणार, सोलला असणार. तारेच्या ब्रशने गंज काढून सायलेन्सरला लावतात तो उष्णतारोधक काळा रंग दोन हात मारा. चकतीच्या मागच्या बाजूचे रॉकवूल आहे की उंदरांनी नेले ते पाहा. आणि वारा: माळरानावरच्या झुळुकीने चकतीचा जो तोटा होतो त्यात प्रारणापेक्षा वाऱ्याचा वाटा मोठा आहे. वरच्या ५८० वॉटमध्ये वाऱ्याचे ३३० च्या पुढे, प्रारणाचे २४५. चकतीभोवती पत्र्याची झालर लावली तर ती हवा अडवते, आणि आतून चकचकीत ठेवली तर कडेने निसटणारे थोडे किरणही आत वळवते.

रिसिव्हरचे आणखी एक काम दिसत नाही म्हणून राहून जाते: आतला क्षार. बोअरचे पाणी मऊ न करता आठ वर्षे उकळले असेल तर रिसिव्हरच्या आत खरपुडी धरलेली असेल. आरसे आणि जुळणी ठीक असताना चकतीवर चौरस मीटरला ३० किलोवॉटहून जास्त उष्णता येते आणि क्षाराचा थर लोखंडाच्या तुलनेत उष्णतेला फार अडवतो. २ मिलिमीटर थरामुळे बाहेरचा पत्रा पाण्यापेक्षा ६० अंशांपर्यंत जास्त तापू शकतो. १७० चा पत्रा २३० ला गेला की त्याचा तोटा ५८० वरून ९३० वॉटवर जातो. जास्तीचा हा तोटा लेपाने वाचणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ दुप्पट आहे. सॉफ्टनर बसवा, रोज ब्लोडाऊन करा (तळाचे क्षाराळ पाणी बाहेर सोडा), क्षार काढायला माहितगार माणूस बोलवा. प्रेशरच्या भागांवर स्वतः वेल्डिंग करू नका, ते आयबीआरच्या, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांच्या, कक्षेत येतात आणि ती कटकट कारणाशिवाय नाही. चकती तापलेली असताना रिकाम्या रिसिव्हरमध्ये गार पाणी कधीही सोडू नका. आधी डिश फिरवून फोकस हटवा.

काचेबद्दल: साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठांवरून मिळून ८ टक्के किरण परत जातात. ५,००० वॉटवर ते झाले ४०० वॉट. वारा अडवून जेवढे वाचेल तेवढेच काच खाणार, वर कवडशाच्या उष्ण ठिपक्याने ती तडकणार. नॅनोकणांचे तर प्रयोजनच नाही. उकळते पाणी पत्र्यातून उष्णता इतक्या सहज उचलते की दोघांमध्ये पाच-सात अंशांचा फरक राहतो. तिथे सुधारणेला जागाच नाही, उलट उकळताना कण मागे राहून थर धरतील.

निवडक लेप आणि निर्वात (हवा काढून घेतलेल्या काचेच्या) नळ्या वाईट आहेत असे मात्र समजू नका. त्यांची जागा वेगळी आहे. राजस्थानात नोखला २०१३ मध्ये सुरू झालेल्या ५० मेगावॉटच्या प्रकल्पात लांबट परवलयी आरसे नळीतले तेल ३९० अंशांच्या आसपास तापवतात. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. आजूबाजूकडून परत मिळणारे प्रारण वजा केले तर ४०० अंशांवरचा काळा पृष्ठभाग तुमच्या १७० अंशांच्या चकतीपेक्षा चौरस मीटरला साडेसहापट उष्णता गमावतो. शिवाय नळीवर ऊन डिशइतके एकवटत नाही. तिथे लेप आणि निर्वात नसेल तर प्रकल्पच उभा राहणार नाही. भात शिजवायला ती यंत्रणा लागत नाही.

भातावरूनच पुढचा मुद्दा: ७ बार कशाला? वाफेच्या भांड्यांना २ बार, म्हणजे १३४ अंश पुरतात. दाब उतरवला की रिसिव्हरचा तोटा सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, पाइपांचाही निदान पाव भागाने, आणि सकाळची वाफ लवकर येते. ५०० लिटर पाणी ३० वरून १७० अंशांवर न्यायला ८१ युनिट उष्णता लागते. तुमच्या आजच्या २० किलोवॉटच्या संचाला त्यासाठी चार तास. तुमचे बारा वाजतात ते इथे. १३४ अंशांना ६० युनिट पुरतात. शिर्डीच्या संस्थानात अशाच १६ मीटरच्या ७३ डिश बसवल्या, तिथे एवढ्या पंगतींना वाफेचा साठा लागतो म्हणून जास्त दाबाला अर्थ आहे. शंभर-दोनशे मुलांच्या वसतिगृहात तो नाही. हवे तर दुपारी, भात उतरल्यावर, दाब चढू द्या आणि ड्रम गरम ठेवून झोपवा. लॅगिंग (पाइप आणि ड्रमवरचे उष्णतारोधक आवरण) नीट असेल आणि सकाळी पाणी ८५ अंशांवर सापडले तर ३२ युनिटांचे काम आदल्या दिवशीच झालेले असते.

लॅगिंगवर मी थोडा रेंगाळतो, कारण तुमच्या आकड्यांत तेच बोलते आहे. दहा रिसिव्हर मिळून अंदाजे २८-२९ किलोवॉट देतात आणि स्वयंपाकघरात २०.६ पोचतात. आठ किलोवॉट लाइनमध्ये मुरले. दोन इंची उघडा पाइप १५० अंशांवर मीटरला ३०० वॉटहून जास्त सोडतो, आणि एक उघडा व्हॉल्व्ह किंवा फ्लँजची जोडी साधारण मीटरभर पाइपाएवढी भरते. एक व्हॉल्व्ह झाकला की एका चकतीच्या लेपाहून जास्त वाचले! तरी गळती दुरुस्त करताना काढलेले लॅगिंग व्हॉल्व्हवर परत कोणी चढवत नाही. व्हॉल्व्हसाठी शिवलेली, बक्कल लावलेली जॅकेट मिळतात, ती घ्या. क्लॅडिंगच्या, म्हणजे लॅगिंगवरच्या पत्र्याच्या, सांध्यांतून पावसाचे पाणी शिरले असेल तर आतले ग्लासवूल ओल्या गोधडीसारखे झालेले असते. बाहेरून सगळे झकपक दिसते, पण ओली लोकर उष्णता अडवत नाही, वाहून नेते. पत्र्याला हात लावून चालत जा, जिथे हात मागे घ्यावा लागेल तिथे उघडून पाहा.

कंडेन्सेट (वापरलेल्या वाफेचे परत झालेले गरम पाणी) गटारात जात असेल तर ते फीड टाकीत आणा. ३० ऐवजी ९० अंशांचे पाणी दिले की तेवढ्याच उन्हात वाफ १० टक्के जास्त. स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) अडकून उघडे राहिले आहेत का तेही बघून घ्या. भांड्याच्या मागून सतत फुसफुस येत असेल तर उत्तर मिळाले.

मोजणीसाठी महागडे काही लागत नाही. फीड टाकीवर काचेची नळी आणि पट्टी लावा, तासाला किती पाणी गेले तीच वाफ. थेट उन्हाचा आकडा जवळच्या महाविद्यालयातल्या पायरहेलिओमीटरवरून मिळाला तर उत्तम. नाहीतर निरभ्र दिवस निवडून अकरा ते एक याच वेळात मोजा आणि दिवसादिवसांची तुलना करा. उद्या ऋतुमानाचा स्क्रू लावून मोजा, दुसऱ्या दिवशी आरसे धुऊन, मग व्हॉल्व्ह झाकून. रंग आणि क्षार काढण्याचे काम पावसाळ्यात, डिश झाकलेल्या असतात तेव्हा. ऑक्टोबरात तासाला ६० किलोच्या पुढे गेलात की लेपाचे कोटेशन मागवा, मग त्या १९० वॉटचा भाव काय पडतो ते बसून पाहू.